मेजिबिझच्या नोटीस बोर्डासमोर

कीव आणि ल्विव पाहून झालं. दोन्ही शहरं देखणी आहेत आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय युक्रेनमधल्याच मेजिबिझ या छोट्या गावाबद्दल.

2021 च्या ऑक्टोबरात भाचीला भेटायला विनित्सियाला गेले होते. ती तिथे मेडिकलला होती. पेशंटशी बोलावं लागतं म्हणून तिथली भाषाही बऱ्यापैकी शिकली होती. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला मार्शरुत्कात बसवलं. मार्शरुत्का म्हणजे आपली वडापच. पण सगळ्या काचा बंद, हीटर चालू, आणि गार वारा लागला की माणूस आजारी पडतो यावर सगळ्यांचा ठाम विश्वास. डोकं उठलं माझं. फाट्यावर उतरले तेव्हा कुठे धड श्वास घेता आला.

मेजिबिझ ख्मेलनित्स्की प्रांतात आहे, वस्ती हजार-दीड हजार. दक्षिण बुह नदीला बुझोक येऊन मिळते, त्या बेचक्यात किल्ला उभा आहे. लोक येतात ते या किल्ल्यासाठी. किंवा मग बाल शेम तोव्ह यांच्या कबरीसाठी. हसिदी ज्यू पंथाचे हे संस्थापक 1740 च्या सुमारास इथे राहायला आले आणि 1760 साली इथेच वारले. कबरीपाशी लांबलांबून आलेले भाविक होते, तल्लीन होऊन प्रार्थना करत होते. मी लांबच उभी राहिले. तिथे फोटो काढत हिंडणारे पर्यटक मला अजिबात आवडले नाहीत.

माझी सगळी नोकरी पंचायत समितीत गेली. त्यामुळे कुठेही गेले तरी मला पहिला प्रश्न पडतो, या गावाचा कारभार कोण बघतं? मेजिबिझमध्ये या प्रश्नाचं उत्तर साडेआठशे वर्षांत कितीदा तरी बदललंय. जुन्या बखरींत गावाचं नाव 1146 साली येतं. 1540 मध्ये गाव सिएन्याव्स्की या पोलिश सरदार घराण्याकडे गेलं. 1593 मध्ये मागदेबुर्ग हक्क मिळाले, म्हणजे गावकऱ्यांना स्वतःची नगरसभा आणि न्यायनिवाडा करण्याची मुभा. 1672 ते 1699 तुर्कांचा अंमल होता. किल्ल्यातल्या चर्चची त्या काळात मशीद झाली होती. मग पुन्हा पोलंड, आणि 1793 नंतर रशियाचा झार. 1831 च्या पोलिश उठावानंतर झारने तेव्हा मालक असलेल्या चार्तोरिस्की या पोलिश घराण्याकडून गाव काढून घेतलं.

या सगळ्या मालकांना एका गोष्टीची गरज पडायची, ती म्हणजे यादी. कोण राहतं, कुठल्या घरात, किती कर देतं. बाल शेम तोव्ह यांच्या नावाभोवती चमत्काराच्या शेकडो कथा आहेत, पण ते इथे खरोखर राहत होते याचा भक्कम पुरावा सापडला तो पोलिश जमीनदाराच्या करवसुलीच्या कागदांत! ज्यू समाजाच्या मालकीच्या घरात राहणारे, करमाफी असलेले, अशी त्यांची नोंद आहे. समाजाने त्यांना मान देऊन घर दिलं होतं, हे त्या एका ओळीवरून कळतं. 1897 च्या जनगणनेत गावात 6,040 ज्यू होते, म्हणजे चारात तीन माणसं. जर्मनांनी 1942 मध्ये उरलेल्यांची कत्तल केली. त्या घरांत, त्या गल्ल्यांत आज त्यांचं कुणी नाही. ज्यांची नावं इतकी नेटाने लिहून ठेवली, त्यांचं हे झालं. त्या दिवशी हा विचार माझी पाठ सोडेना.

आणि त्याच मनःस्थितीत आम्ही ‘सेलिश्चना रादा’च्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, कचेरीपाशी आलो. दाराशेजारी नोटीस बोर्ड होता. काचेमागे टाचण्यांनी टोचलेले कागद, एकाचा कोपरा ओलीने पिवळा पडलेला. मी भाचीला म्हटलं, वाच. ती बोट ठेवून ओळ न ओळ सांगू लागली. बालवाडीचा खर्च. शाळेच्या बसचं डिझेल. रस्त्यावरचे दिवे. पुढे आकडे, आणि कोणत्या ठरावाने मंजूर झाले तेही. शेजारी एक आजी डोक्याला रुमाल बांधून तोच कागद वाचत होत्या. दिव्यांच्या ओळीवर त्यांनी काचेवर टकटक केलं आणि भाचीला तावातावाने काहीतरी ऐकवलं.

“मावशी, त्या म्हणतायत आमच्या गल्लीत अजून दिवा नाही. आता आत जाऊन विचारणार आहेत.”

त्या गेल्यासुद्धा. मला तिथल्या तिथे भरून आलं. मालकासाठी शतकानुशतकं गावाच्या याद्या झाल्या, आणि इथे गावाने मालक होऊन यादी वाचायची, जाब विचारायचा.

हे आपोआप झालेलं नाही. सोव्हिएत काळापासून पैसा आणि अधिकार रायोनकडे, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याकडे असायचे. इथल्या लोकांना कागदांसाठी लेतिचिव या रायोनच्या ठाण्याला जावं लागे. 2015 पासून आसपासची गावं एकत्र येऊन त्यांच्या ‘ह्रोमादा’, म्हणजे एकत्रित ग्रामपंचायती, बनू लागल्या. नागरिकांच्या आयकरातला 60 टक्के वाटा थेट ह्रोमादाच्या तिजोरीत येऊ लागला. जी गावं त्यात सामील झाली, तिथे ‘स्तारोस्ता’ बसतो, लोकांची कामं आणि तक्रारी पुढे नेतो. 2020 मध्ये देशातले 490 रायोन कमी करून 136 केले, त्यात लेतिचिव रायोन संपला आणि मेजिबिझ ख्मेलनित्स्की रायोनमध्ये गेलं. देशभर मिळून 1,469 ह्रोमादा झाल्या. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा हक्काचा निधी वरच्या कचेऱ्यांत महिनोन्‌महिने अडकलेला मी पाहिलाय, म्हणून मला या बदलाचं मोल नीट कळतं.

माझ्या त्या भेटीनंतर चार महिन्यांनी रशियाने युद्ध सुरू केलं. भाची बाकीच्या मुलांबरोबर सीमा ओलांडून परत आली. मेजिबिझच्या बातम्या मी अजून शोधून वाचते. जानेवारी 2024 मध्ये नवा कायदा लागू झाला आणि सोव्हिएत काळातला ‘शहरी पद्धतीची वसाहत’ हा दर्जाच देशातून गेला. मेजिबिझ आता नुसतं ‘सेलिश्चे’, म्हणजे वसाहत, आहे. त्याआधी, 2023 च्या शरदात, सैनिकांच्या पगारावरचा आयकर ह्रोमादांकडून काढून केंद्राकडे वळवला गेला. लढाईला पैसा लागतो, ते मला पटतं. पण छोट्या गावांच्या हातातली मोठी रक्कम त्यात गेली, आणि युद्ध संपल्यावर ती त्यांना परत मिळायलाच हवी. त्या आजींच्या गल्लीतला दिवा त्यातूनच लागणार आहे.