अहो, गावस्कर!

‘टायमिंग गेलंय रे त्याचं. आधी कसा, नुसता येऊन उभा राहिला तरी शिट्ट्या पडायच्या.’

‘लग्न केलं ना, तिथून उतार.’

‘छे, पैसा. पैसा आला की असंच होतं. पण कमबॅक मारेल, बघ तू.’

परवा दुपारी गिरगावात, सलूनच्या खुर्चीत गळ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळून बसलो होतो, तेव्हा मागच्या बाकावर हे चाललं होतं. चष्मा काढून पावडरच्या डब्याशेजारी ठेवलेला. चष्मा नसला की मला दिसत तर नाहीच, ऐकूही जरा कमी येतं; घरी हे सांगितलं की सगळे हसतात. तर हा ‘तो’ कोण, तेच कळेना. टायमिंग गेलं म्हणजे बॅट्समन असणार. पण शिट्ट्या? शिट्ट्या हिरोला. कमबॅक दोघंही मारतात. लग्नं तर दोन्हीकडचे करतात, आणि बऱ्याचदा एकमेकांतच.

विचारायचा मोह आवरला. वस्तरा मानेवर असताना प्रश्न विचारू नयेत, ही लहानपणापासूनची शिस्त.

मी राहतो दहिसरला, आणि केस कापायला येतो गिरगावात. आमच्या बिल्डिंगखालीच एसी सलून आहे, तिथे कॉफीसुद्धा देतात म्हणे. बायको म्हणते, तुमच्या जाण्यायेण्यातच निम्मे केस गळतात, कापायला काय उरतं? असू दे. ज्या दुकानात खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून मला पहिल्यांदा बसवलं, तिथेच जायचं, एवढं एक व्यसन मी पाळून आहे.

दुकान तात्यांचं. तात्या आता नाहीत. गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो आणि कात्री नातवाच्या हातात आहे. तात्यांच्या वेळी आरशाच्या डावीकडे क्रिकेटवाले, उजवीकडे सिनेमावाल्या आणि मधे गणपती, अशी मांडणी होती. सगळे मासिकांतून कापलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. फळीवरच्या पोराची मान डावीकडे वळवायची असली की तात्या म्हणत, ‘विश्वनाथकडे बघ’. उजवीकडे वळवायची असली की, ‘हेमाकडे बघ’. त्या वयात आम्हाला दोन्ही सारखंच होतं.

चुळबुळ करणाऱ्या पोराला ‘ए सोलकर’ अशी हाक. सोलकर आमच्या गल्लीचा नसला तरी आमचाच. मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा त्याचे वडील राखत, तिथेच तो वाढला. फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅट्समनच्या नाकाखाली उभा, डोक्यावर हेल्मेट नाही की काही नाही. तसा बस, असं तात्यांना म्हणायचं असे. आम्हाला वाटायचं, आपल्या चपळाईचं कौतुक चाललंय, की आम्ही आणखीच हलायचो.

आणि मशीन कानाजवळ आलं की ठरलेला कार्यक्रम. तात्या कान दुमडून, वाकून बघत. ‘भोक आहे का रे?’ मग मोठा उसासा. ‘नाही. म्हणजे तू गावस्कर नाहीस.’

गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल, त्यानं स्वतःच लिहून ठेवलीय. जन्मला त्या दिवशी कानाच्या पाळीशी छोटंसं भोक काकांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी काका परत आले, तर पाळण्यातल्या बाळाच्या कानाला भोकच नाही. शोधाशोध झाली आणि खरं बाळ सापडलं एका कोळणीच्या कुशीत. आई ही गोष्ट दरवेळी नव्यानं ऐकत असल्यासारखी ऐकायची आणि म्हणायची, ‘हा तर पिक्चर झाला!’ मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, ‘आणि त्या दुसऱ्या बाळाचं काय झालं? त्याची बाई कुणी चौकशीच केली नाही.’ तिला वाटे, तो कुठेतरी ससून डॉकला मासळीच्या टोपल्या उचलत असेल आणि रेडिओवर स्कोअर ऐकत असेल. तिचा गावस्करवर जीव होताच. तो हेल्मेट घालत नाही, त्यामुळे चेहरा नीट दिसतो, हे तिचं त्याच्या बॅटिंगबद्दलचं मत.

आमचे बाबा सगळ्यांना अहो-जाहो करायचे. दूधवाले आले, पेपरवाले गेले, भंगारवाले विचारत होते. चाळीच्या नळावर भांडण झालं तरी ‘तुम्ही मूर्ख आहात’ असंच भांडायचे. त्यामुळे ते कधी जिंकले नाहीत. पण हाच माणूस ऑफिसातून आला की बूट काढता काढता विचारायचा, ‘गावस्कर आहे की गेला?’ आहेत की गेले, नाही. आहे की गेला.

चौथीत ‘माझा आवडता खेळाडू’ असा निबंध होता. मी लिहिलं, ‘गावस्कर हा चिखलवाडीत राहायचा. तो ओपनिंगला येतो.’ बाईंनी लाल शाईनं ‘हा’ खोडून ‘हे’ केलं, ‘तो’वर ‘ते’ लिहिलं, ‘येतो’ची मात्रा काढून ‘येतात’ केलं, आणि समासात शेरा : मोठ्या माणसांचा आदराने उल्लेख करावा. दहापैकी पाच. घरी वही दाखवली. बाबांनी चष्मा वर करून बाईंची सुधारलेली वाक्यं मोठ्यानं वाचली. ‘गावस्कर हे चिखलवाडीत राहायचे. ते ओपनिंगला येतात.’ थांबले. मग माझ्याकडे बघून अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘हे कोण गावस्कर? तुमच्या शाळेत नवीन आलेत का?’

मला अजूनही वाटतं, बाईंचं चुकलंच. आपल्याकडे अरे-तुरे करायला फार जवळचा माणूस लागतो. आई लागते. विठोबा लागतो. मधल्या सगळ्यांना अहो. (बाबांनाही आम्ही अहोच म्हणायचो. तो एक वेगळा विषय आहे.)

बाबांनी 1960 च्या जानेवारीतली ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट ब्रेबॉर्नच्या ईस्ट स्टँडातून पाहिली होती. अब्बास अली बेगनं पहिल्या डावात 50 आणि दुसऱ्यात 58 काढले. पण ते आकडे कुणाच्या लक्षात असतात? दुसऱ्या डावात त्याची पन्नाशी झाली आणि टी-टाइमला तो परतत असताना एक मुलगी धावत मैदानात आली आणि तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला. भर मैदानात, 1960 साली! विजय मर्चंट रेडिओवर म्हणाला होता की मी शतकं ठोकत होतो तेव्हा या मुली कुठे गेल्या होत्या. बाबा ही हकीकत वर्षातून दोनदा सांगत, आणि दोन्ही वेळा आई स्वयंपाकघरातून विचारी, ‘दिसायला कशी होती?’

‘लांब होतो मी.’

‘एवढं सगळं दिसलं, तेवढंच नाही दिसलं होय!’

टेस्टचे पाच दिवस आमच्या चाळीत दुपारी कुणी झोपत नसे. खेळ चालू असताना कॉमेंट्री, बॅट्समन पाणी प्यायला थांबला की सिनेमा. शर्मिलानं पतौडीशी लग्न केल्याचं शेजारच्या काकू अशा सांगत की जणू मांडव त्यांनीच घातला होता. सलीम दुराणीचंही तसंच. प्रेक्षकांनी ओरडून सिक्सर मागितली की हा द्यायचा, त्याच बाजूला द्यायचा. 1973 मध्ये परवीन बाबीच्या पहिल्याच सिनेमात तो हिरो झाला. तात्यांचं त्यावर एकच वाक्य होतं : ‘सिक्सर मागितली तेव्हा दिली, ठीक. पण पिक्चर कुणी मागितला होता?’

1980 मध्ये खुद्द गावस्कर मराठी सिनेमात नायक झाला. वाडीनं ते गुपचूप गिळलं. शांताराम नांदगावकरांनी लिहिलेलं, त्यानं स्वतः म्हटलेलं गाणं मात्र गणपतीच्या मांडवात दहाही दिवस वाजलं. कौतुक करायचं की सांभाळून घ्यायचं, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. भावानं गॅदरिंगमध्ये गाणं म्हणावं आणि आपण पहिल्या रांगेत बसलेलं असावं, तसं काहीतरी.

संदीप पाटीलच्या वेळी जास्त त्रास झाला, कारण तो देखणा होता. ॲडलेडला 174 काढणारा, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एकाच ओव्हरमध्ये सहा चौकार मारणारा, दादरचा पोरगा. 1985 मध्ये त्याचा सिनेमा आला, व्हिलन म्हणून चक्क किरमाणी. विकेटकीपर व्हिलन! आम्ही कॉलेजातली सहा-सात जणं बघायला गेलो आणि इंटरव्हलमध्ये एकमेकांच्या तोंडाकडे न बघता समोसे खाल्ले. पुढे पाटील क्रिकेटवाल्या ‘एकच षटकार’ या नियतकालिकाचा संपादक झाला, आणि त्याच प्रकाशनाच्या सिनेमावाल्या ‘चंदेरी’चा गौतम राजाध्यक्ष. तात्या दोन्ही घ्यायचे. डावी भिंत एकानं भरायची, उजवी दुसऱ्यानं. नंतर नंतर दोन्हींची पानं एकमेकांवर चिकटायला लागली, आणि एकदा तर दिलीप वेंगसरकरच्या कव्हर ड्राइव्हमधून माधुरीचा अर्धा चेहरा डोकावत होता. तो तसाच होता कितीतरी वर्षं. कुणाला खटकला नाही.

शब्दही असेच चिकटलेत. ओपनिंग शुक्रवारचं आणि ओपनिंग नव्या बॉलचं. पिक्चर पडतो, विकेटही पडते. फॉर्म, टायमिंग, सेकंड इनिंग. मागच्या बाकावरचं बोलणं मला लागेना, यात माझ्या कानांचा दोष अर्धाच.

25 जून 1983 ला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये आपण 183 केले आणि लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला 140 मध्ये गुंडाळलं, तेव्हा बोर्डाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. मग दिल्लीत लता गायली आणि त्या कार्यक्रमाच्या पैशांतून प्रत्येकाला एकेक लाख मिळाला. तात्यांनी हे ऐकल्यावर गणपतीच्या फोटोशेजारी, बरोब्बर मधे, लताचा फोटो लावला. तिला डावीकडे घालायचं की उजवीकडे, हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला.

आयपीएल आली तेव्हा तात्या थकले होते. शाहरुखनं टीम घेतली, प्रीतीनं घेतली, हे पेपरात वाचून म्हणाले, ‘म्हणजे आता बारावा गडी पण मेकअप करून बसणार.’ एवढंच. बाकी आयपीएलबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मॅच बघताना कॅमेरा स्टँडात गेला की मी चहा टाकायला उठतो.

एकेरीतली माणसं अनेकवचनात जातात कधी, याचा मी मधूनमधून विचार करत असतो. मान्यवर झाली की, बहुतेक. 2012 मध्ये सचिन राज्यसभेवर गेला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘तेंडुलकर यांनी’. मला तो ‘यांनी’ कोरा कोट घातल्यासारखा वाटला, खांद्यावर न बसणारा. आणि गेली की तर जातातच. 6 फेब्रुवारी 2022 ला प्रत्येक चॅनेलवर ‘लतादीदी गेल्या’, ‘दीदी अनंतात विलीन’. शिवाजी पार्कवर चिता रचलेली, सचिन आलेला, शाहरुख आलेला. आई ऐंशीच्या पुढची. सकाळपासून टीव्हीसमोर बसून होती. माझी बहीण दारातून आत येत म्हणाली, ‘आई, लतादीदी गेल्या गं.’ आई म्हणाली, ‘लता गेली.’ दुरुस्त केल्यासारखी. मग तिनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि नुसतं चित्र बघत राहिली.

वस्तरा मानेवरून उतरला, तुरटी फिरली, झोंबलं. मी धीर करून कापडातूनच विचारलं, ‘कुणाबद्दल बोलताय रे? क्रिकेटवाला की पिक्चरवाला?’

मागचे दोघं गप्प झाले. नातवानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, निदान मान तरी वळवली. चष्मा नव्हता मला.

‘अहो काका, दोन्ही नाही. तो रीलवाला. बॅट्समन लोकांच्या नकला करायचा तो. बघितलं असेल तुम्ही.’

‘वय काय त्याचं?’

‘असेल बावीस-तेवीस.’

‘आणि टायमिंग गेलं?’

‘केव्हाच,’ मागच्या बाकावरून एक जण म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच हळहळ होती.

आरशाभोवती आता डावी-उजवी काही नाही. एक क्यूआर कोड, दरपत्रक आणि तो मधला गणपती. लताचा फोटो कधी निघाला, ते गल्ल्यावर विचारायचं राहूनच जातं.

नातवानं माझा उजवा कान दोन बोटांनी दुमडला आणि वाकून बघितलं. मी उगाच श्वास धरला.

‘कानावरचे पण काढू ना, काका? बरेच वाढलेत तुमचे.’

म्हटलं, काढ.