घड्याळासारखी घातलेली पट्टी

नौपाड्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दोन खोल्या, चार बेड आणि दिवसभर गुडघे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही मालिश करतो, पेशंटना वाटतं आम्ही करंट लावतो. "मॅडम, आज करंट जरा वाढवा" हे रोज ऐकावं लागतं. साठीच्या पुढच्या माणसाचं व्यायामाआधी बीपी बघायचं, हा माझा नियम. काकांच्या बाबतीत तो नियम पाळूनही मी फसले.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून क्वालिटीतून निवृत्त झालेले. आयुष्य व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात धरून गेलं. बीपीची वहीसुद्धा तशीच: तारीख, वेळ, हात डावा की उजवा, वरचं, खालचं, शेरा. सकाळचं निळ्या शाईत, संध्याकाळचं काळ्या.

एका सोमवारी ते मनगटावर काळी पट्टी घालून आले. जावयाने ऑनलाइन मागवलेली. मनगटातल्या नसेला हलका करंट देऊन बीपी उतरवते म्हणे. "तुमच्या मशीनची धाकटी बहीण," काका म्हणाले. शनिवारपासून घालत होते. बीपी पाहिलं, 132/82. मी म्हटलं, "वा काका, छान!" बुधवारी 134/84. शुक्रवारी 142/88, पण काकूंनी आदल्या रात्रीच्या लग्नातल्या पापड-लोणच्यावर खापर फोडलं आणि मला ते पटलं.

त्याच शुक्रवारी आणखी एक गोष्ट दिसली. काकांच्या घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ पडायचा, बोटाने दाबलं की खड्डा राहायचा. तो नव्हता. सूज उतरली होती. पंजे वरखाली करण्याचा व्यायाम मीच दिला होता, म्हणून श्रेय मी घेतलं. शेजारच्या बेडवरच्या बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घेतलं.

पुढच्या सोमवारी काका आले ते डोकं धरून. 178/104.

अशा वेळी मी आधी स्वतःवर संशय घेते. बीपी मोजणं ही या देशात सगळ्यांना येते अशी समजूत असलेली आणि फार थोड्यांना येणारी गोष्ट आहे. शर्टाची बाही वर गुंडाळून, पाय लटकते ठेवून, "काल कुठे होतात?" अशा गप्पा मारत मोजतात आणि आकडा कागदावर लिहून हातात देतात. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी सात-आठचा फरक फुकटात पडतो. दंड जाड आणि कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, लहान असेल तर आकडा वर जातो, आणि काकांचा दंड कारखान्यातला आहे. लघवी तुंबलेली असली तरी वर जातो. म्हणून त्यांना बाथरूमला पाठवलं, पाठ टेकवून, तळवे जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. काकूंनाही गप्प बसवलं, ते जास्त अवघड. मोठा कफ लावला. 176/102. एका मिनिटाने पुन्हा, तेच.

छातीत दुखत नव्हतं, दम नव्हता, नजर आणि बोलणं ठीक होतं. मग तो प्रश्न विचारला, जो आधीच्या सोमवारी विचारायला हवा होता.

"काका, गोळी घेतली ना?"

"गोळी बंद आहे. पट्टी चालू केली त्या शनिवारपासून."

"बंद? का?"

"मॅडम, दोन्ही चालू ठेवलं तर कशाने उतरलं ते कसं कळणार? एका वेळी एकच सेटिंग बदलायची."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही, कारण माणसाचं तर्कशास्त्र माझ्यापेक्षा सरळ होतं. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्यांची गोळी ॲम्लोडिपिनची. ती शरीरातून निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. शनिवारी बंद केली तरी सोमवारी बरीच अंगात होती, शुक्रवारी थोडी, नवव्या दिवशी जवळजवळ नाही. वहीतला आकडा त्याच चालीने वर चढत होता. पट्टीच्या नावावर जमा झालं ते गोळीचं होतं.

आणि पायाची सूज? ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, हे नेहमीचं आहे. गोळी थांबली, सूज गेली. माझे पंजे वरखाली तिथे कुठेच नव्हते.

त्यांना रिक्षाने फिजिशियनकडे पाठवलं आणि डॉक्टरांना फोन केला. "ते खेळणं फेकून द्यायला सांगा," ते म्हणाले. गोळी सुरू करण्याबद्दल ते बरोबरच होते. पण माणूस खेळण्याकडे का वळला, हे त्यांनी विचारलं नाही. बूट घट्ट होतात म्हणून काका महिनाभर चपलेत फिरत होते. मी सुजेचं सांगितलं तेव्हा डॉक्टर "अच्छा" म्हणाले आणि मग औषध बदललं. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड तसं नाही. त्यांनी मोज्याखाली पाहिलं नाही, मी पाहून चुकीचं वाचलं.

पट्टी माझ्याकडेच राहिली होती. दुपारी एक ते चार क्लिनिक बंद असतं, तेव्हा ती घेऊन बसले. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला दोन ठळक दोऱ्या दिसतात, मूठ वळून मनगट वाकवलं की. काहींना एकच दिसते. त्यांच्या मधून मीडियन नर्व्ह जाते, पट्टीला हवी असलेली नस हीच. तिला करंट बरोबर लागला की मुंग्या नुसत्या पट्टीखाली येत नाहीत; अंगठा, तर्जनी, मधल्या बोटापर्यंत धावतात. आणखी वाढवला की अंगठा आपोआप आत ओढला जातो. तो ओढला गेला की मला अजूनही, पंधरा वर्षांनी, मजा वाटते. पट्टी तळव्याकडे फिरवून, जरा पाणी लावून घट्ट केली, तर तिनेही मधल्या बोटापर्यंत मुंग्या नेल्या. म्हणजे यंत्र अगदीच थोतांड नव्हतं.

पण काका ती घड्याळासारखी घालत होते. स्क्रीन वर, इलेक्ट्रोड मनगटाच्या पाठीवर. तिथे मीडियन नर्व्ह नाहीच. नऊ दिवस करंट भलतीकडे जात होता.

नसांमधून बीपीला हात घालता येतो, हे खोटं नाही. मानेतल्या कॅरोटिड सायनसवर, म्हणजे रक्तवाहिनीतल्या बीपी ओळखणाऱ्या जागेवर, टेन्स (आमचं करंटचं मशीन) लावायचं नाही, हे आम्हाला कॉलेजातच घोकवून घेतात, कारण तिथे बीपी एकदम पडू शकतं. त्याच जागी शस्त्रक्रियेने बसवायची यंत्रं निघाली. पण आकडे फसवतात, मोठमोठ्यांना फसवतात. किडनीच्या नसा जाळून बीपी उतरवायच्या उपचाराची अमेरिकेत 535 जणांवर चाचणी झाली, तिचे निकाल 2014 साली आले. खरा उपचार झालेल्यांचं वरचं बीपी सरासरी 14 ने उतरलं, आणि ज्यांच्यावर उपचाराचं नुसतं नाटक केलं, त्यांचंही जवळजवळ 12 ने! पुढे सुधारित यंत्रं आणि नव्या चाचण्या झाल्या, तेव्हा कुठे 2023 मध्ये तिकडे मंजुरी मिळाली.

हे मी काकांना सांगितलं. पंधरा दिवसांनी आले तेव्हा नव्या गोळीवर 136/84 होतं आणि पायात बूट होते. त्यांनी वही उघडली, नवं पान आखलेलं होतं.

"गोळी बंद करणार नाही, डॉक्टरांना शब्द दिलाय. पण पट्टी पुन्हा लावतो, आता तळव्याकडे. मग ती नाटकवाली बाजू कशी करायची ते सांगा. तुम्ही कधी चालू कराल, कधी बंद, मला सांगायचं नाही."

"मुंग्या आल्या की तुम्हाला कळणारच ना काका."

त्यांनी क्षणभर विचार केला, मनगट उलटं केलं आणि पाठीवर बोट टेकवलं. "मुंग्या तर इथेही येत होत्या."

वहीतल्या त्या नऊ दिवसांच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी माझ्यासमोर, निळ्या शाईत, लिहिलं: नाटक.