आते म्हणजे आत्या नव्हे!

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली ती थेट फिलिपिन्समधली, बातांगास प्रांतातली. तिच्या माहेरचा पहिला व्हिडिओ कॉल होता तेव्हा वहिनी एका मुलीला सारखी "आते, आते" म्हणत होती आणि मी मनात म्हणतेय काय हे, आत्या एवढी तरुण? बरं दिसते पण अगदी वहिनीसारखीच. कॉल संपल्यावर कळलं की ती तिची सख्खी मोठी बहीण, फिलिपिनोत आते म्हणजे ताई. आणि मोठा भाऊ तो कूया. त्या दिवशी ठरवलं की ही भाषा थोडी तरी शिकायचीच, निदान नाती तरी.

आता फिलिपिनो की टागालोग हा घोळ आधी मिटवते कारण मला सगळे तेच विचारतात. फिलिपिन्समध्ये भाषा शंभराच्या वर आहेत, त्यातली टागालोग 1937 मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून निवडली, आणि 1987 च्या राज्यघटनेत राष्ट्रभाषेचं नाव आलं फिलिपिनो. व्याकरण टागालोगचंच.

नात्यांकडे येऊ. पहिला धक्का म्हणजे यांना वयाची भारी फिकीर आणि बाई-पुरुषाची फारशी नाही. कापातिद म्हणजे भाऊही आणि बहीणही. आनाक म्हणजे मुलगा किंवा मुलगी. आसावा म्हणजे नवराही, बायकोही! तो आणि ती दोघांना एकच शब्द, सिया, बोलताना जवळजवळ 'शा' ऐकू येतो. म्हणूनच वहिनी इंग्रजीत बोलताना दादाला बिनधास्त 'शी' म्हणते, आम्ही आधी हसायचो, आता दादासुद्धा मान वर करत नाही. पण वयाचं विचाराल तर थोरलं भावंड पाङानाय, शेंडेफळ म्हणजे बुन्सो, आणि जुन्या वळणाच्या घरात पहिली ताई आते, दुसरी दीचे, तिसरी सांसे, भावांत कूया, दीको, साङको. हे सगळे होक्किएन चिनीतून आलेले शब्द. तियो-तिया म्हणजे काका-मामा नि मावशी-आत्या, ते स्पॅनिशांकडून. पण आईवडील, नानाय आणि ताताय. आपल्याकडच्या नाना-तात्यांची आठवण आलीच मला, पण इथे नानाय ही आई आहे हे लक्षात ठेवा नाहीतर पंचाईत.

चुलत, आते, मामे, मावस सगळ्यांना मिळून एकच शब्द पिन्सान. भाचा, भाची, पुतण्या, पुतणी सगळे पामाङ्किन. मला वाटलं चला, सोपं आहे. आणि मग अचानक साडू निघाला! बिलास म्हणून शब्द आहे, साडूला पण तोच आणि जावेला पण तोच. व्याही-विहीण म्हणजे बलाए. इंग्रजीत यातलं काही धड सांगता येत नाही, मराठी माणसाला एका सेकंदात कळतं. आणि मी नि वहिनी एकमेकींच्या कोण? हिपाग. ती माझी हिपाग, मी तिची हिपाग. नणंद-भावजय म्हणलं की आपल्याकडे जो एक सूर लागतो ना, तो यात नाहीच, दोघींना शब्द एकच असल्यामुळे कोणाचा मान वरचा हा प्रश्नच येत नाही. (प्रत्यक्षात येतो, पण ते जाऊदे.)

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'माग' लावून केलेल्या जोड्या. इना म्हणजे आई, तर माग-इना म्हणजे मायलेक किंवा मायलेकी. आमा म्हणजे बाप, माग-आमा म्हणजे बापलेक. मागआसावा नवरा-बायको. मागबियेनान म्हणजे सासू-सून, किंवा सासरा-जावई, जी जोडी असेल ती. आम्ही दोघी मागहिपाग. दोन भावंडं असतील तर मागकापातिद आणि तीन किंवा जास्त असतील तर मागकाकापातिद, 'का' डबल झाला की माणसं वाढली! मी बाजारच्या यादीच्या मागे दोन पानं नुसत्या जोड्या लिहून काढल्या.

व्याकरणात मात्र आपटले. वाक्यात क्रियापद आधी येतं. काइन म्हणजे खाणं, कुमाइन म्हणजे खाल्लं, मधे 'उम' घुसवला. कुमाकाइन म्हणजे खातोय, काकाइन म्हणजे खाईल. म्हणजे काम पूर्ण झालं नसेल तर पहिलं अक्षर दोनदा. इथपर्यंत ठीक. मग आलं "कुमाइन का ना बा?" म्हणजे जेवलीस का? आता यात 'का' म्हणजे 'तू', आणि आपला प्रश्नवाला 'का' म्हणजे त्यांचा 'बा', आणि 'ना' म्हणजे झालंय एकदाचं. आठवडाभर माझ्या डोक्यात का आणि बा यांची मारामारी चालू होती.

आणि मी हे वाक्य पाठ करून अभिमानाने वहिनीच्या आईला म्हणून दाखवलं. कॉलवर शांतता. मग वहिनी फिसकन हसली. मी दादाच्या सासूबाईंना चक्क अरेतुरे केलेलं. म्हणायचं होतं "कुमाइन ना पो बा कायो?" कायो म्हणजे तुम्ही, आणि पो हा आदराचा शब्द, तो मोठ्यांशी बोलताना घालायचाच, हो म्हणताना सुद्धा ओओ नाही, ओपो. सासूबाईंनी मनावर घेतलं नाही, जेवले म्हणाल्या.

काही गोष्टी मात्र फुकटात मिळाल्या. आम्ही आणि आपण यातला फरक इंग्रजीवाल्यांना समजावताना पुस्तकं पानं खर्च करतात, आपल्याला एका ओळीत. काकाइन तायो, आपण जेवू. काकाइन कामी, आम्ही जेवणार, तू बस. आणि 'किनाइन नाङ बाता आङ इस्दा' म्हणजे मुलाने मासा खाल्ला, इथे सगळा जोर माशावर, आपल्याकडेही खाल्ला-खाल्ली माशा-मासळीवरून ठरतं, मुलाला कोण विचारतो. फक्त आपण हे भूतकाळात करतो, ते खातोय-खाईल मधेही करतात. आणि तो ङ! शाळेत घोकून घेतला आणि आयुष्यात वापरला नाही, त्याला इथे एकदम नोकरी लागली, त्यांच्या 28 अक्षरांच्या वर्णमालेत त्याची स्वतःची जागा आहे.

एवढं सगळं झाल्यावर परवा सासूबाईंनी मला विचारलं, "नाकाइन का गा नाङ पातिङ?" मी पुस्तकातलं आठवून घाबरले, कारण पुस्तकाच्या हिशोबाने अर्थ होतो, तुला शार्कने खाल्लं का? वहिनी खुर्चीवरून पडायची बाकी होती. बातांगासला कुमाकाइनच्या जागी नाकाइन म्हणतात आणि बा च्या जागी गा, म्हणजे त्या फक्त विचारत होत्या की तू शार्क खातेस का. त्यांच्याकडचा हा जुनाच विनोद आहे म्हणे, नवीन माणसावर करायचा ठरलेला. मी म्हणलं, हिंदी पो. हिंदी म्हणजे नाही. त्यावर पुन्हा वेगळं लिहावं लागेल.