राहून गेलेला एक ‘बी’
प्रतिमा वाचण्या-लिहिण्याची सी भाषेतली आमची जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) लिनक्सवरून विंडोजवर नेण्याचे काम आज संपेल, असे सकाळी वाटले होते. कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) एकही तक्रार केली नाही. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. लायब्ररीने लिहिलेली एकही पीएनजी (प्रतिमेची) फाइल उघडेना. फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिले, तेव्हा सुरुवातीलाच १३, १० ऐवजी (दशमान मोजणीत) १३, १३, १० असे बाइट दिसले आणि उलगडा झाला: फाइल उघडताना ‘डब्ल्यू’पुढे (‘लिहिण्यासाठी’ या खुणेपुढे) ‘बी’ (‘बायनरी’, म्हणजे मजकूर नव्हे) लिहायचा राहिला होता, त्यामुळे विंडोजवरची सी रनटाइम (सी प्रोग्रॅम चालताना फाइलींची कामे करणारा भाग) ती फाइल मजकुराची समजून प्रत्येक १० च्या, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणेच्या, आधी १३ घालत होती. लिनक्सला या ‘बी’चे सोयरसुतक नसते, म्हणून ही चूक इतकी वर्षे निवांत झोपली होती. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत १३, १०, २६, १० ही मालिका नेमका असाच बिघाड लगेच पकडला जावा म्हणून ठेवलेली आहे. १९९६ च्या त्या प्रमाणकाच्या कर्त्यांना मनोमन नमस्कार केला. संध्याकाळ मात्र ‘लाँग’ने, म्हणजे सीमधल्या पूर्णांकाच्या एका प्रकाराने, खाल्ली. ६४ बिटी लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच. त्याच्या जागी निश्चित रुंदीचे (सगळीकडे तितक्याच बिटांचे) प्रकार घालण्याचे काम निम्मे झाले आहे. टिफ या दुसऱ्या प्रतिमा-प्रकाराचा भाग उद्या.