मास्कपायी गेलेले सव्वीस दिवस

इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर जायची बॅग भरायला मला महिना लागला म्हटलं की लोक हसतात. कपडे, टोपी, औषधं हे सगळं खरं तर एका संध्याकाळी उरकलं होतं. बाकीचे सव्वीस दिवस पाण्याखाली बघायच्या एका मास्कने खाल्ले.

माझा नंबर मायनस सव्वापाच, वर एकचा सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर. चष्मा काढला की समोरचा माणूस मला आवाजावरून ओळखावा लागतो. एवढा खर्च करून जायचं आणि पाण्यात तोंड घातल्यावर नुसतं निळं धुकं बघायचं? मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, काड्यांमुळे सिलिकॉनची कड उचलली जाते आणि पाणी आत शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरू का, असं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी साफ नकार दिला. लेन्सखाली पाण्यातले जंतू अडकले तर बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणाल्या. उरला नंबरचा मास्क.

या मास्कच्या तयार लेन्स अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांत सिलिंडर नसतो. त्यामुळे सिलिंडरचा निम्मा आकडा मूळ नंबरात मिळवायचा. माझा हिशोब पावणेसहावर आला, आणि पावणेसहा कुणी बनवत नाही. मग साडेपाच की सहा? मी ऑनलाइन दुकानाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं: 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, साडेपाच घ्या, मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातल्या वस्तू पाव अंतराने जवळ भासतात, थोडा कमी नंबर सहज चालतो.

साडेपाच मागवला. मग रोज सकाळी 'पार्सल वाटेत आहे' हे वाक्य वाचायचं. पंधराव्या दिवशी खोका आला. मास्क लावला आणि समोरची भिंतच गायब. हात नाकाला टेकवल्यावर तेवढी बोटं दिसली, तीही फुगलेली. पट्टीवरची चिठ्ठी वाचली: प्लस दोन. दुसऱ्याच कुणाचा तरी मास्क माझ्याकडे आला होता, आणि तो बिचारा माझे मायनस साडेपाच लावून कुठेतरी चाचपडत असणार. तक्रारीच्या फॉर्ममध्ये 'वस्तू तुटलेली' आणि 'आवडली नाही' असे दोनच पर्याय होते. मी 'आवडली नाही' निवडलं, दुसरं काय करणार!

वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुसरीकडून आणखी एक मागवला. तो विमानाच्या चार दिवस आधी हातात पडला. नंबर बरोबर, पण गळती. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर धरायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर बसला. माझा दर वेळी पडत होता. गुन्हेगार निघाली मिशी! वीस वर्षांची मिशी त्या रात्री उतरवली. घरात कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. (आणि हो, नवीन काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो. साधी टूथपेस्ट लावून तो दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर मास्क सारखा धुकटतो.)

माझ्यासारखी चूक नको असेल तर नंबरचा मास्क तिकिटाच्याच दिवशी मागवा. बाकी सामानात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त 'विषुववृत्तावर आहे म्हणजे गरम' असं समजू नका. मी सप्टेंबरमध्ये गेलो, तेव्हा हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी वीस अंशांच्या आसपास होतं. तिथे पेंग्विन राहतात, त्यावरूनच समजायला हवं होतं. वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा पोशाख) बोटीवर भाड्याने मिळाला, आत घालायला लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा घट्ट टी-शर्ट, माझाच होता. त्याने सनस्क्रीनही कमी लागतं.

बूट मात्र आधी घासा. इक्वाडोरच्या मुख्य भूमीवर विमानात चढण्याआधी बिया आणि मातीसाठी सामान तपासून सील करतात. मी सॅंडलच्या व्हेल्क्रोतून चिमट्याने अकरा कुसळं काढली. वैतागलो होतो, पण आपल्याकडची एक रानटी रासबेरी तिथल्या डोंगराळ भागात किती माजली आहे, हे वाचल्यावर गप्प बसलो. सॅंडल मागे पट्टा असलेलीच घ्या. काही बेटांवर छोट्या होडीतून थेट गुडघाभर पाण्यात उतरवतात.

रोख डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवा: 20 चं ट्रान्झिट कार्ड (बेटांवर जायचा परवाना) आणि 200 ची राष्ट्रीय उद्यानाची फी, ऑगस्ट 2024 मध्ये दुप्पट होऊन ती एवढी झाली. ड्रोन घरी ठेवा, बंदी आहे. मोठी लेन्सही मी उगाच वाहिली. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे, पण तो त्यांना कुणी सांगितलेला नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्याखाली एक सागरी इग्वाना खडकावरचं शेवाळ खरवडत होता. नखं दगडात रुतवून, लाट आली की मागे झुलत, पुन्हा तोंड लावत. त्याची एकेक नखं मला दिसत होती.

तो प्लस दोनवाला अजून कपाटात आहे. 'परत न्यायला माणूस येईल' असं गेले सात महिने सांगतायत. कुणाला लागत असेल तर कळवा, जवळजवळ नवाच आहे.