खिडकीतला तेरावा महिना: सासऱ्यांच्या १९७८ च्या स्की बोटीचा माझा अनुभव

जुनी बोट वारशात मिळाली असेल तर सँडपेपरला हात लावायच्या आधी मागच्या बाजूला कोरलेल्या नंबरचा फोटो काढून ठेवा. स्वच्छ उजेडात, जवळून, दोन-चार अँगलने. इतक्या तावातावाने का सांगतोय ते खाली येईलच. बोटीचं लाकूड कुजलेलं होतं, इंजिन जाम होतं, टाकीतल्या पेट्रोलचं वार्निश झालं होतं, पण या सगळ्यांनी मिळून दिला नाही तेवढा त्रास मला सरकारी ऑफिसच्या एका खिडकीने दिला.

सासरे सत्तरच्या दशकात नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि तलावाकाठच्या गावात राहिले. शेजारीपाजारी सगळे उन्हाळाभर पाण्यात, मग यांनीही एक सेकंडहँड स्की बोट (पायात स्की बांधून, दोरी धरून पाण्यावर घसरणाऱ्याला मागे ओढणारी मोटरबोट) घेतली, १९७८ चं मॉडेल, मरून रंगाचा चमचमता मेटलफ्लेक. बायको आणि मेहुणा तिच्यामागे स्की करतच मोठे झाले. मी लग्नानंतर तिशीत पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हा सासरे एकच सांगायचे, "जावईबापू, हात सरळ, गुडघे वाकवा, तुम्ही ओढू नका, बोटीला ओढू द्या." आणि पाहुणा आला की ठरलेली गोष्ट, की १९२२ साली मिनेसोटात लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने हा खेळ सुरू केला, आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून बघितल्या, मग बर्फातल्या स्की, काहीच जमेना, शेवटी साध्या लाकडी फळ्या उकळून त्यांची टोकं वाकवली आणि उभा राहिला. ती गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ आहे.

ते गेले, बोट गॅरेजमागे ताडपत्रीखाली. मेहुणा म्हणाला विकून टाकू, सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, त्यावरून मी समजलो की विकायची नाही.

बोट नावावर करायच्या कागदपत्रांचा पहिला भाग सोपा गेला. आमच्या राज्यात इस्टेट छोटी असेल तर कोर्टात न जाता ॲफिडेव्हिटवर काम होतं, सगळ्या वारसांच्या सह्या, नोटरी, मृत्यूचा दाखला, झालं. ट्रेलरचं टायटल (मालकीचा कागद) वेगळं असतं हे लक्षात ठेवा, बोट आणि ट्रेलर ही दोन वेगळी वाहनं आहेत. मला वाटलं होतं अडलं तर ट्रेलरचंच अडेल, कारण १७ आकडी व्हीआयएन (वाहनाचा ओळख नंबर) १९८१ पासून आला आणि आमच्या ट्रेलरचा नंबर आखूड. पण ते काम चहा पिईपर्यंत झालं. अडली ती बोट.

आता जरा तांत्रिक, पण हे समजलं नाही तर पुढचं कळणार नाही. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या प्रत्येक बोटीला १२ अक्षर-आकड्यांचा हल नंबर असतो (हल म्हणजे बोटीचा मुख्य सांगाडा), मागच्या आडव्या फळीवर म्हणजे ट्रान्समवर, उजव्या अंगाला, वरच्या कडेजवळ. पहिली तीन अक्षरं कंपनीची, पुढची पाच सिरियल, शेवटची चार तारखेची. आमच्या बोटीची शेवटची चार होती 'एम ७८ डी'. १९८४ च्या आधी कंपन्यांना तारीख लिहायच्या दोन पद्धती चालायच्या, त्यातल्या एकीत आधी 'एम', म्हणजे मॉडेल इयर, मग सालाचे दोन आकडे, मग महिन्याचं अक्षर. आणि गंमत बघा, त्यात महिने ऑगस्टपासून मोजायचे, ए म्हणजे ऑगस्ट, बी सप्टेंबर, असं करत डी म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे आमची बोट नोव्हेंबर १९७७ मध्ये बनलेली, ७८ चं मॉडेल. १९८४ ला फॉरमॅट बदलला, तेव्हापासून नवव्या जागेवर थेट महिन्याचं अक्षर येतं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर.

खिडकीतल्या बाईंच्या कॉम्प्युटरला फक्त नवा फॉरमॅट माहीत. नवव्या जागेवर एम. एल ला बारा महिने संपतात, एम म्हणजे तेरावा महिना! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो मी स्क्रीनवर लाल अक्षरात बघितला. बाई म्हणाल्या नंबर इनव्हॅलिड आहे. मी म्हटलं अहो तुमच्याच ऑफिसने दिलेलं जुनं टायटल आहे हे, त्यावर हाच नंबर आहे, याच नंबरवर सासऱ्यांनी दरवेळी रिन्यूअलचे पैसे भरलेत. त्या म्हणाल्या रिन्यूअल वेगळं, ट्रान्सफर वेगळं, ट्रान्सफरला सिस्टिम नंबर परत तपासते. बरं मग काय करू? तर म्हणे इन्स्पेक्शन करून आणा.

इन्स्पेक्शन म्हणजे अधिकाऱ्याने प्रत्यक्ष नंबर बघून फॉर्मवर उतरवायचा, आणि त्यासाठी बोट घेऊन या. बोट तेव्हा कशी होती? फ्लोअर उखडलेला, इंजिन बाहेर, आतले आधाराचे लाकडी पट्टे काढलेले, नुसती फायबरची परात सपोर्टवर ठेवलेली. अशी हल ट्रेलरवर घातली तर रस्त्यात पिळवटते आणि कायमची वाकडी होते. फोनवर हे समजावता समजावता माझा आवाज चढला, पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला, मग काम पूर्ण झाल्यावर आणा. काम पूर्ण करून लाखभर स्क्रू आणि रेझिन ओतायचं अशा बोटीत जी कागदावर अजून माझी नाहीच? शेवटी अधिकाऱ्याने यायचं कबूल केलं, पण त्यांच्या सवडीने. उन्हाळ्यात त्यांना तलावावरच ड्युटी, म्हणजे सवड शरद ऋतूत. अख्खा उन्हाळा असा गेला.

माणूस मात्र चांगला निघाला. ट्रान्समवर कधीतरी कोणीतरी रंगाचा हात मारला होता त्यामुळे नंबर जेमतेम दिसत होता, आम्ही वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली आणि एकेक अक्षर उमटत आलं. (म्हणून म्हणतो, इथे सँडपेपर मारू नका. नंबर पुसला गेला तर तुम्ही स्वतः परत कोरू शकत नाही, तो गुन्हा आहे.) त्याने फॉर्म भरला, सही केली, जाता जाता सीट कुठल्या कपड्याची करणार विचारून गेला.

फॉर्म घेऊन खिडकीत गेलो तर बाईंनी टाइप करताना सिरियलमधल्या शून्याचं 'ओ' केलं. आणि मग पत्र आलं, की इन्स्पेक्शनचा नंबर आणि जुन्या टायटलचा नंबर जुळत नाही. अहो, हल नंबरच्या सिरियलमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत असा नियम आहे, नेमका असा घोटाळा होऊ नये म्हणून! हे मी सांगितलं तर बाई म्हणाल्या मला तसं काही ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही. आणि एम तसाच लाल. त्यांनी स्वतःच्या डोक्याने एम काढून डी पुढे घेऊन बघितला, तर सिस्टिमने बोट एप्रिलमध्ये बनली असं ठरवलं, कारण नव्या पद्धतीत डी म्हणजे एप्रिल. मी म्हटलं बाई, नंबर बदलू नका प्लीज, आहे तोच टाका. मागच्या रांगेतला माणूस हसत होता, त्याचं काय जातंय.

सुटलं कशाने ते सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. फेडरल नियमावलीत टायटल ३३ (इथे टायटल म्हणजे खंड), पार्ट १८१ असं प्रकरण आहे, हल नंबरचे नियम त्यात. पण आजची आवृत्ती प्रिंट करून नेलीत तर उलट त्यांचंच म्हणणं खरं ठरतं, कारण तिथे नवा फॉरमॅट आहे. १९८४ च्या आधीच्या आवृत्तीचं पान शोधायचं, त्यात एमची पद्धत आणि ऑगस्टपासूनचे महिने लिहिलेले आहेत. ते पान, पेन्सिलने घासलेला कागद, जुन्या टायटलची कॉपी, आणि कोस्ट गार्डच्या यादीतून कंपनीच्या तीन अक्षरांची नोंद, असा गठ्ठा घेऊन गेलो आणि खिडकीत बाईंना न देता सुपरवायझर आहेत का विचारलं. आतून एक वयस्कर गृहस्थ आले, एक पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं, बाईंच्या खुर्चीत बसले, कुठलंतरी बटण दाबलं आणि नंबर हिरवा झाला. मॅन्युअल ओव्हरराइड म्हणे. ते बटण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं! मला आनंद व्हायला हवा होता, पण पार्किंगमध्ये येऊन मी गाडीच्या टपावर हात आपटला. तेव्हा पहिल्यांदाच सुपरवायझर मागा, सभ्यपणे मागा, पण मागाच.

लाकडाचं काम कष्टाचं होतं पण निदान सरळ होतं. या काळातल्या बोटींमध्ये तळाशी लांबीला जाणारे लाकडी पट्टे असतात, स्ट्रिंगर म्हणतात, त्यावर फायबरग्लास चढवलेलं आणि मधल्या जागेत फोम. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि आतल्या आत वर्षानुवर्षं मुरतं, बाहेरून बोट चकाचक. इंजिन ज्या जाड बोल्टांनी स्ट्रिंगरला बसवलेलं असतं ते आमच्याकडे पान्याशिवाय, बोटांनी निघाले. लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर भिजलेल्या बिस्किटात जावा तसा मुठीपर्यंत गेला आणि बाजूने चहाच्या रंगाचं पाणी आलं. फोमचा एक तुकडा उचलला तर पाण्याने दगडाएवढा जड.

एक पट्टा काढा, नवा बसवा, मग दुसरा, असं करतात ते बरोबर आहे. आम्हाला सगळेच काढावे लागले कारण शाबूत एकही नव्हता, म्हणून हलला खालून जागोजागी आधार देऊन लेव्हल लावून घेतली. हल ज्या आकारात असताना फायबर सुकेल तोच आकार कायमचा राहतो. काढायच्या आधी इंजिनच्या माउंटची उंची मोजून भिंतीवर लिहा. रेझिन इपॉक्सी घ्या, जुन्या पॉलिएस्टरवर ते जास्त घट्ट धरतं. आणि प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यात परत बारीक भोक पाडायचं, म्हणजे पाणी लाकडापर्यंत जातच नाही. कंटाळवाणं आहे. करा.

इंजिन फोर्ड ३५१ व्ही-एट, मरीन केलेलं म्हणजे बोटीसाठी बदललेलं, बोटीच्या बरोब्बर मध्ये पेटीखाली. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून काही दिवस मुरू दिलं, मग हाताने हळूहळू फिरवलं, सुटलं. इथे पैसे वाचवायचा मोह होतो, कारण स्टार्टर, अल्टरनेटर, फ्युएल पंप हे गाडीचे अगदी तसेच दिसतात आणि स्वस्त असतात. अजिबात घेऊ नका. मरीन पार्टमधून ठिणगी बाहेर येत नाही, आणि बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते, गाडीसारखी खालून निघून जात नाही. त्यासाठीच ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) असतो, स्टार्ट करायच्या आधी चार मिनिटं चालवायचा. सासरे घड्याळ लावून चालवायचे, आम्ही हसायचो, आता मी पण लावतो.

स्टार्टर मागवताना अजून एक, काही स्की बोटींची इंजिनं उलटी फिरतात. तुमचं कुठल्या दिशेने फिरतं ते बघूनच ऑर्डर करा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) पण त्यावर बदलते.

प्रोपेलरचा शाफ्ट जिथे हलमधून बाहेर जातो तिथली पॅकिंग थोडी गळायलाच हवी, चालू असताना थेंब थेंब. मेहुणा पान्याने आवळायला धावला होता, त्याला थांबवलं. पूर्ण आवळली की गरम होते आणि शाफ्टवर चरे पडतात. इंजिन आणि शाफ्टची अलाइनमेंटही ट्रेलरवर करून उपयोग नाही, बोट पाण्यात सोडून जरा बसू द्यायची आणि मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कपलिंगमधली, म्हणजे दोघांच्या सांध्यातली फट चारही बाजूंनी बघायची, फरक ०.००३ इंचाच्या आत हवा. पाण्यात वाकून हे करताना पाठ जाते, दोघं असा.

हां, पुढच्या बाजूला रजिस्ट्रेशनचा नंबर लावायचा तो कमीत कमी ३ इंच उंच, साध्या ठळक अक्षरात, रंग उठून दिसेल असा, दोन्ही बाजूंना. मेहुण्याला वळणदार अक्षरं हवी होती, मी म्हटलं पकडलं तर दंड तू भर, मग गप्प बसला.

पहिल्या दिवशी सासूबाई ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे स्की करणाऱ्यावर नजर ठेवायला, मागे तोंड करून बसल्या, बायको पाण्यात, मेहुणा स्टिअरिंगवर, आणि मी इंजिनची पेटी उघडी ठेवून टॉर्च मारत बसलो होतो, त्यामुळे बायको उभी राहिली ते मला दिसलंच नाही, नुसता आरडाओरडा ऐकू आला. सीटचं काम अजून बाकी आहे. बायकोला मूळचा मरूनच हवाय, मेहुणा म्हणतो पांढरं करू, उन्हात तापत नाही. भांडण मिटेपर्यंत प्लायवूडवर टॉवेल टाकून बसतोय.