फू, बार आणि काजू

प्रोग्रॅमिंग शिकताना सरांनी फळ्यावर उदाहरणातलं पहिलं नाव लिहिलं ‘फू’, दुसरं ‘बार’. अर्थ विचारला तर म्हणाले, “अर्थ नाही, म्हणूनच वापरायचं.” मागच्या बाकावरून कुणीतरी ‘फू बाई फू’ सुरू केलं आणि तास तिथंच आटोपला. पुढं नोकरीत मी शेकडो फू लिहिले. त्याचं माहेर सापडलं ते परवा, जुन्या अमेरिकी चित्रकथांच्या एका जाडजूड संग्रहात.

बिल होल्मननं १९३५ साली ‘स्मोकी स्टोव्हर’ ही चित्रकथा काढायला घेतली. नायक बंबवाला. त्याची गाडी दोनच चाकांची, तीही शेजारीशेजारी. आग विझवण्याचं काम अधूनमधून, तेही इलाजच नसेल तेव्हा. भिंतीवर, पाटीवर, जागा मिळेल तिथं ‘फू’. ‘जिथं फू, तिथं आग’ हे त्याचं पालुपद. आपल्याकडं चुलीशी फुंकणी घेऊन बसलेल्या कुठल्याही आजीला ते लगेच पटलं असतं.

‘नोटरी सोजॅक’ हे असंच दुसरं भिंतीवरचं गूढ. शब्दकोश उघडू नका.

स्मोकीच्या साहेबांचं नाव कॅश यू. नट. भरभर म्हणून बघा, काजू हातात येतो! इंग्रजांनी ‘कॅशू’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘काजू’वरूनच उचलला, म्हणजे हा विनोद गोव्यात न पोचताही अर्धा आपलाच. बाकीच्या कोट्या मात्र मराठीत आणायला गेलं की हातात नुसतं टरफल राहतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांना रात्री आकाशात विचित्र प्रकाशगोळे दिसले, त्यांना त्यांनी ‘फू फायटर’ म्हटलं. पुढं एका रॉक बँडनं तेच नाव घेतलं. संगणकातल्या फूचं नातं काहीजण सैनिकांच्या ‘फूबार’ या शिवराळ शब्दाशीही जोडतात. जोडू देत. माझ्यापुरता तो या बंबखान्यातूनच निघाला.

संग्रहाबद्दल एक तक्रार आहे. वेडेपणा रविवारी एक पान या मापानं बेतलेला होता. मी पहिल्याच रात्री चाळीस पानं संपवली आणि शेवटी शेवटी हसू येईना. आख्खा फराळाचा डबा एका बैठकीत रिकामा केल्यासारखं झालं. खरी गंमत गोष्टीत नाहीच, मागच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहे. त्यातली माणसं चौकटीबाहेर हात काढतात, पुढच्या चित्रात तसबीरच बदललेली असते. घाईत हे सगळं निसटतं.

म्हणून आता नियम केलाय, रविवारी चहाबरोबर एकच पान. होल्मननं हे सत्तरच्या दशकापर्यंत चालवलं, त्यामुळं माल संपण्याची भीती नाही. त्याची स्पूकी नावाची मांजर आहे, शेपटीला कायम पट्टी बांधलेली. काल बुधवार. तरी पुढचं पान चोरून पाहिलंच.

पट्टी अजून सुटलेली नाही.